बाळारामकाकांच्या तळ्यातला जिताडा

"आमची मुलगी शेतकऱ्यांना शेती शिकवते," असं माझे वडील सगळ्यांना सांगत. ते म्हसळ्याच्या बाजूला एका भातगिरणीवर कामाला होते. भात कांडायला आलेली माणसं हे ऐकून हसत. एकाने तर त्यांना विचारलं होतं, "मग पुढच्या वर्षी माशांना पोहायला शिकवील काय?" वडील हसण्यावारी नेत, पण घरी आल्यावर मला विचारत, "तू नक्की काय शिकवतेस ते नीट सांग बघू एकदा. लोकांना उत्तर द्यावं लागतं मला."

आमच्या घरात पदवीचा कागद आणणारी मी पहिली. तालुक्याच्या शाळेत शिकले, शिष्यवृत्तीवर कृषी महाविद्यालय पुरं केलं आणि रायगडच्या किनारपट्टीवर शेतकऱ्यांसाठी काम करणाऱ्या एका संस्थेत लागले. तिथे सव्वीस वर्षं काढून गेल्या मार्चमध्ये निवृत्त झाले. वडिलांना नीट उत्तर मला शेवटपर्यंत देता आलं नाही. इथे प्रयत्न करते.

आमच्या कामाचे तीन भाग होते. चांगलं पिकवायचं कसं, कामाची आणि खर्चाची आखणी करायची कशी, आणि पिकलेलं विकायचं कसं. पहिला भाग सगळ्यांत सोपा. कोकणातला शेतकरी माझ्याकडून थोडं शिकला आणि मी त्याच्याकडून दुप्पट शिकले. दुसऱ्या भागात वाद व्हायचे. श्रीवर्धनला सुपारीच्या बागायतदारांच्या वर्गात मी एकदा म्हटलं, की खर्च मांडताना स्वतःच्या घरच्यांची मजुरीही धरायची. मागच्या रांगेतले एक आजोबा उठून उभे राहिले. "मॅडम, बायकोची मजुरी धरली तर वाडी तोट्यात दिसते. ती हे ऐकेल तर उद्यापासून शिंपणं कोण करील?" वर्ग तिथेच संपला.

पण खरा घाम फुटायचा तो तिसऱ्या भागाला. आमच्याकडची माणसं विकायला लाजतात. अनोळखी व्यापाऱ्याशी तासभर हुज्जत घालतील, पण ओळखीचा माणूस दारात आला की भाव तोंडातून निघत नाही. "न्या हो, काय द्यायचं ते द्या." आणि इथे ओळखीचा नसतो कोण? गाव, भावकी, सोयरे, शाळेतले मास्तर, एसटीचा कंडक्टर, सगळेच ओळखीचे. या एका सवयीपायी मी किती चांगली पिकं वाया गेलेली पाहिली ते सांगत बसले तर अंक पुरणार नाही. एकाच तळ्याची गोष्ट सांगते.

धरमतरच्या खाडीलगतचा जो भाग आहे त्याला खारेपाट म्हणतात. समुद्राचं पाणी अडवणारे मातीचे बांध, आत भातशेती. विहिरीचं पाणी मचूळ, म्हणून जुन्या माणसांनी घराशेजारी पावसाच्या पाण्याची तळी खोदली. पावसाळ्यात खाडीतून जिताड्याची बोटभर पिल्लं बांधाच्या उघाडीतून, म्हणजे पाणी सोडायच्या दारातून, शेतात शिरतात. ती पकडून लोक तळ्यात सोडतात. जिताडा खाऱ्या पाण्यात जन्मतो आणि गोड्यात मजेत वाढतो. चवीबद्दल मी काही लिहीत नाही. ज्यांनी खाल्लाय त्यांना सांगायला नको, आणि ज्यांनी नाही खाल्ला त्यांना सांगून उपयोग नाही.

पण हा मासा कोणी विकायला म्हणून पाळत नव्हतं. तो द्यायचा मासा. मुलीच्या सासरी पहिला जिताडा जायचा. ज्या डॉक्टरने बाळंतपण सुखरूप केलं त्याला एक, अडलेलं काम केलं त्या साहेबाला एक. घरच्या तळ्यातला मासा वजनकाट्यावर घालायची पद्धत नव्हती. पागेराला बोलवायचं, त्याने जाळं फेकायचं, मिळेल तो मासा पिशवीत घालून पोचवायचा. तळ्याची मालकी म्हणजे काय, तर आपल्याला असा मासा देता येतो.

अशाच एका गावात बाळारामकाकांचं तळं सगळ्यांत मोठं. काका सत्तरीचे, अंगाने काटक, बोलायला तिखट. त्यांचा मुलगा रुपेश याचे दोन डंपर. जवळच्या रस्त्याचं काम निघालं तसा त्याचा धंदा वाढला होता. सून दर्शना बारावी झालेली, घर आणि सासरा दोन्ही सांभाळणारी.

मी पहिल्यांदा गेले तेव्हा रुपेश अंगणातच भेटला. त्याने आडपडदा ठेवला नाही.

"मॅडम, तुम्ही आलात ते बरं केलंत, पण हे तळं राहणार नाही. कंटेनर उभे करायला जागा मागतायत. महिन्याला भाडं. मुरूम माझाच, गाडी माझीच. चार दिवसांत भराव होईल."

"माज्या मढ्यावर टाक भराव," आतून काकांचा आवाज आला.

"तुमी ह्या तळ्याचं कमावलंय काय आजवर?" रुपेशने विचारलं. "मासे वाटलेत नुसते. ज्या साहेबाला दिलेत त्याची तरी ओळख राहिली का? बदली झाल्यावर फोन उचलत न्हाय तो."

काका गप्प झाले. ते गप्प झाले म्हणून मी बोलले. नव्या माणसाने घरच्या भांडणात बोलू नये एवढी अक्कल मला तोवर चोवीस वर्षांच्या नोकरीत यायला हवी होती, पण आली नव्हती. मी म्हटलं, "तळ्याने भाड्याइतकं कमवून दाखवलं तर?"

रुपेश म्हणाला, "दोन पावसाळे देतो. दुसऱ्या दिवाळीपर्यंत. न्हाय जमलं तर मला कोणी अडवायचं न्हाय. बाबांनी पण." काकांनी मान डोलावली. मी घरी आले आणि मग माझ्या लक्षात आलं की मी दुसऱ्याच्या तळ्यावर पैज लावली आहे.

पहिला पावसाळा चांगला गेला. जिताडा आपल्यापेक्षा लहान भावंडाला सरळ गिळतो. त्यामुळे शंभर पिल्लं सोडली तर दोन वर्षांनी पाच-सहा मोठे मासे हाती लागायचे आणि काका म्हणायचे, नशीब. यावर उपाय फार मोठा नाही. पिल्लं आकाराप्रमाणे वेगळी ठेवायची आणि दर महिन्याला पुन्हा निवडायची. आम्ही तळ्यात नायलॉनच्या जाळीने तीन कप्पे केले. काका बांधावर बसून बघत होते.

"शाला काढलीस काय गो माशांची? पयली, दुसरी, तिसरी?"

"हो काका. आणि मधूनच कोणी मोठा झाला तर त्याला वरच्या वर्गात घालायचं."

"आनि मास्तर कोन? दर्शना?"

दर्शनाच होती. वहीत तारीख, कोणत्या कप्प्यात किती, त्यांना खायला किती चिलापी मासळी सोडली, सगळं ती लिहायची. वर्षभरात पिल्लं मरण्याचं प्रमाण इतकं कमी झालं की काका रोज सकाळी तळ्याला एक फेरी मारून कोणी न विचारता मोजणी सांगू लागले. दुसरा पावसाळा लागला तेव्हा तळ्यात किलो-दीड किलोचे दीडशेच्या आसपास जिताडे होते. मी खूश होते. इथेच माझी चूक झाली.

वर्गात मी शिकवत असे की माल एकदम निघाला, एकसारखा निघाला, की चांगला व्यापारी मिळतो. पुस्तकात तसंच होतं आणि कलिंगडाला ते लागूही पडतं. मी मुंबईकडचा एक मासळी व्यापारी शोधला. फोनवर गोड बोलला. श्रावण लागायच्या दोन दिवस आधी, गटारीच्या मागणीत, अख्खं तळं उचलतो म्हणाला. बर्फाची गाडी सकाळी सातला येणार. तो दिवस चुकला तर पुढे महिनाभर अर्धा जिल्हा मासळी खात नाही, हे त्यालाही ठाऊक होतं आणि मलाही.

त्या सकाळी भावकीतली वीसेक माणसं जाळं ओढायला आली. कमरेएवढ्या पाण्यात उतरून त्यांनी हळूहळू सगळे मासे एका कोपऱ्यात आणले. पाणी नुसतं उसळत होतं. सात वाजले, साडेसात वाजले. मी म्हटलं, "काका, काढायला घ्या. बर्फ आणलाय थोडा. गाडी आली की लगेच भरता येतील."

"गाडी दारात लागू दे."

"काका, त्याला उशीर झाला तर तो भाव पाडेल. माल तयार दिसला पाहिजे."

"तू माजी मास्तरीन हायस, मान्य हाय. पन गाडी दिसल्याबिगर एक पन मासा भायेर काडनार न्हाय."

मी चिडले. वीस माणसांसमोर मी त्यांना म्हटलं, "तुमच्या अशा हट्टापायीच हे तळं आजवर कमवत नव्हतं." हे वाक्य मला आजही आठवतं आणि आठवलं की नको वाटतं. काकांनी जाळ्याचा दोर तेवढा हातातून सोडला नाही.

साडेनऊला व्यापाऱ्याचा फोन आला. त्याला दुसरीकडे माल मिळाला होता. आज नको, श्रावणानंतर बघू. मी "पण तुम्ही शब्द दिला होता" असं काहीतरी म्हणेपर्यंत फोन कट झाला होता.

मी सगळ्यांना सांगितलं. सांगताना माझा आवाज कसा होता कोण जाणे, पण कोणी हसलं नाही. रुपेश बांधावर उभा होता. तो एवढंच म्हणाला, "झाला बाजार?" आणि फोन काढून बाजूला गेला. कंटेनरवाल्याशीच बोलत असणार असं मला वाटलं.

काकांनी जाळं ओढणाऱ्यांना हाक दिली, "सोडा रे. सैल करा." जाळं खाली गेलं आणि सगळे मासे एका दमात तळ्यात पसरले. पाणी शांत झालं. मी बांधावर मटकन बसले. माझं ऐकलं असतं तर त्या घटकेला दीडशे मेलेले मासे पाटीभर बर्फावर पडलेले असते, समोर श्रावण असता, आणि ते तळं त्याच दिवशी संपलं असतं. एका म्हाताऱ्या माणसाने माझं ऐकलं नाही म्हणून मला इतकं बरं कधी वाटलं नव्हतं.

"काका, मी मघाशी जे बोलले..."

"चाय घे," काका म्हणाले.

आता गंमत ऐका. ती वीस माणसं ओली, दमलेली, तशीच उभी. त्यांची सुट्टी वाया गेली होती. त्यातला एक काकांचा पुतण्या, तो म्हणाला, "काका, आलोच हाव तं मला एक द्या. गटारीला सासरा येतोय." आणि त्याने भिजलेल्या पिशवीतून पाकीट काढलं.

काकांचा चेहरा पडला. "पैसे कसले देतोस? ने."

"असा फुकट न्हाय नेनार. तुमची मेहनत बगितली ना वर्सभर. सांगा किती."

"काय द्यायचं ते दे."

"मंग मी धाच रुपये देईन."

सगळे हसले. काका लालबुंद. भाव तोंडातून निघेना. तेव्हा चहाची किटली घेऊन आलेली दर्शना किटली खाली ठेवून म्हणाली, "भाव बाबांनी ठरवला नाही, मॅडमनी ठरवलाय." आणि तिने व्यापाऱ्याशी ठरला होता त्यापेक्षा चांगला वाढवून किलोचा भाव सांगितला. "कमी करायचा तर मॅडमना विचारा. त्या बसल्यात बघा तिकडे."

सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. मला त्या क्षणी स्वतःचं नाव विचारलं असतं तरी सांगता आलं नसतं, पण मी मान डोलावली. पुतण्या म्हणाला, "मॅडमशी कोन भांडनार? काडा एक." पागेराने जाळं फेकलं. तळ्याच्या इतिहासात पहिल्यांदा घरच्या काट्यावर मासा चढला. काकांनी तोंड फिरवलं होतं.

मग दुसऱ्याने मागितला. तिसऱ्याने पनवेलच्या भावाला फोन लावला. दर्शनाने पाण्यातून नुकत्याच निघालेल्या माशाचा फोटो आपल्या मोबाइलच्या स्टेटसला ठेवला आणि खाली लिहिलं, आधी सांगून या, समोर काढून देऊ. गटारीच्या त्या दोन दिवसांत लोक पेणहून आले, अलिबागहून आले, किहीमच्या एका बंगल्याचा राखणदार मालकासाठी आला. ज्याला हवा त्याला हवा तेवढाच मासा, जिवंत. उरलेले पाण्यात सुखरूप. श्रावण गेला, गणपती आले, गौरीच्या तिखट, म्हणजे मांसमच्छीच्या, नैवेद्याला पुन्हा रांग लागली.

मला जे पंचवीस वर्षांत कळलं नव्हतं ते दर्शनाने किटली खाली ठेवता ठेवता केलं. काकांना भाव सांगता येत नव्हता कारण देणारा माणूस भाव सांगत नाही. मग भाव दुसऱ्या कोणाचा तरी असला की झालं. पुढे कोणी ओळखीचा आला की काका हात जोडून सांगत, "मी तुला असाच दिला असता, पन ती मॅडम लय कडक हाय." त्या पंचक्रोशीत माझी जी ख्याती झाली आहे ती अजून टिकून आहे. मला तिचं काही वाटत नाही.

तरीही रुपेश मागे हटला नव्हता. "दोन महिने चाललं म्हणून वर्षभर चालंल कशावरून?" तो म्हणायचा, आणि त्याचं चूक नव्हतं.

दसरा झाल्यावर एका रविवारी मी तिथे होते तेव्हा एक गृहस्थ मोटारीने आले. पन्नाशीचे, हातात सोन्याचं कडं. उरणच्या बाजूचे. त्यांनी तीन मासे मागितले, तेही मोठे बघून. भाव ऐकून हूं की चूं केलं नाही. पैसे देऊन झाल्यावर मात्र जरा घुटमळले आणि दर्शनाला म्हणाले, "ताई, पिशवीवर तुमचं नाव-गाव काही लिहू नका हां."

"आमच्याकडे तशी पिशवीच नाही दादा. का पण?"

ते जरा ओशाळले. मग काकांकडे वळून बोलायला लागले. त्यांच्याकडेही तळं होतं. सहा वर्षांपूर्वी भरलं, तिथे आता गोडाऊन आहे. पण मुलीच्या सासरी दरवर्षी घरच्या तळ्यातला जिताडा जायचा. "व्याह्यांना अजून ठाऊक न्हाय तळं भरल्याचं. दरवर्षी कुठनं तरी शोधतो नि आमच्या तळ्यातला म्हणून नेऊन देतो. गेल्या साली मिळालाच न्हाय. ताप आलाय सांगून घरी बसलो."

रुपेश डंपरचं टायर बघत होता. तो उठून आला. "पण भाडं तर चांगलं येत असंल ना गोडाऊनचं?"

"बक्कळ येतं," ते गृहस्थ म्हणाले. "पन व्याह्याला भाडं नेऊन देऊ काय?"

काका हसले नाहीत. त्यांनी पागेराला सांगून चौथा मासा काढायला लावला आणि त्या माणसाच्या हातात दिला. "ह्यो माजा. ह्याचा भाव मॅडमला पन ठाव न्हाय." रुपेशने ते पाहिलं, आणि आश्चर्य म्हणजे त्यानेच चारही मासे मोटारीत नेऊन ठेवले.

मी सगळ्या तळ्यांच्या बाबतीत अशी नशीबवान ठरले नाही हेही सांगायला हवं. त्याच गावातली आणखी दोन तळी मी वाचवू शकले नाही. एकात आता ट्रक उभे असतात. तिथे मी पोचले तेव्हा उशीर झाला होता, आणि दुसऱ्या ठिकाणी वेळेवर पोचूनही व्यापाऱ्यामागे धावण्यात मी एक हंगाम घालवला. तिथे काकांसारखं मला अडवणारं कोणी नव्हतं.

दिवाळी झाली. भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मी फराळाची भांडी आवरत होते आणि दर्शनाचा फोन आला.

"मॅडम, डंपर आलाय तळ्यावर. मुरुमाचा. रुपेशनी..."

मी पुढचं ऐकलंच नाही. फोन ठेवला, स्कूटी काढली. वाटेत मी रुपेशला काय काय सुनवायचं ते ठरवत होते, आणि अर्ध्या वाटेत लक्षात आलं की त्याला काही सुनवायचा मला हक्क नाही. त्याने दोन पावसाळे दिले होते. शब्द पाळला होता. हिशेबाने तळं भाड्याच्या जवळपास पोचलं होतं, पण पुरतं पोचलं नव्हतं. मी काय सांगणार होते?

तळ्याशी पोचले तेव्हा डंपरचा हौदा वर उचललेला होता. लाल मुरूम घरंगळत होता. धुळीत काही दिसेना. मी स्कूटी तशीच टाकून धावले आणि मधोमध जाऊन उभी राहिले.

धूळ खाली बसली. मुरूम तळ्यात नव्हता. मुख्य रस्त्यापासून तळ्याच्या बांधापर्यंत जी चिखलाची पायवाट होती, तिच्यावर पडत होता. आधीच्या दोन खेपा पसरून झाल्या होत्या. काका काठी उगारून डंपरला, जशी बैलजोडी हाकावी तसे, ओरडत होते, "अजून मागं! अजून! डोले हायेत का बटनं?"

रुपेशने खिडकीतून डोकं बाहेर काढलं. "गिऱ्हाइकांच्या गाड्या रुततात मॅडम. पावसात चार जण परत गेले. असा धंदा होतो काय?"

दर्शना पदराने धूळ झटकत आली. "मी सांगतच होते, रुपेशनी रस्ता करायला घेतलाय म्हणून. तुम्हीच फोन ठेवलात."

मला हसूही येत होतं आणि डोळ्यांत पाणीही होतं, त्यात धूळ किती होती ते सांगता येणार नाही. मी तिथेच उभी राहिले असते बराच वेळ.

"ए पोरी," काका ओरडले, "मदे काय उबी ऱ्हायलीस? सरक जरा. गाडी मागं घेयाची हाय."

मी बाजूला झाले.